रॉकमधला सर्वांत मोठा ड्रमर कोण? मी बॉनमपासून सुरुवात करतो

डबलपेडल (राजारामपुरी)

माझं मत आधीच सांगून टाकतो: जॉन बॉनम, लेड झेपेलिन बँडचा ड्रमर. आमच्या सरावाच्या खोलीत या विषयावरून कायम घमासान चालू असतं. गिटारवाला नील पिअर्टसमोर कुणाला उभं करायला तयार नाही, आणि बासवाल्याच्या मते कीथ मूननंतर ड्रमर जन्मलेच नाहीत. म्हणून धागा काढला.

बॉनम का? झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं घ्या, 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'. त्यात बास ड्रमचे (पायाच्या पेडलनं वाजवायचा मोठा ड्रम) ठोके तिस्र जातीत, म्हणजे तीन-तीनच्या गटात, इतके लागोपाठ येतात की ऐकणाऱ्याला वाटतं, खाली दोन पेडल आहेत. पेडल एकच आणि पायही एकच. हे गाणं मूळ लयीत शेवटपर्यंत वाजवून बघा, पोटरी सांगेल काय प्रकार आहे ते.

पण पायाच्या कसरतीसाठी मी त्याला पहिला नंबर देत नाही. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (१९७१) ऐका. सात मिनिटांचं गाणं, बहुतेक वेळ एकच ठेका. स्नेअर (कडक आवाजाचा चपटा ड्रम) मागं रेलून पडतो, तरी लय ढिली होत नाही. त्या रेलण्यातच सगळं गाणं झुलतं. हे शिकवून येत नाही.

नुसती नावं टाकून जाऊ नका. कोणतं गाणं, आणि त्यात त्यानं नेमकं काय केलंय, ते लिहा.

हलगीसम्राट (शिवाजी पेठ)

विषय लई भारी काढलास भावा. बॉनमला माझं पण मत.

सातमात्रा (मूळ मंगळवार पेठ, सध्या पुणे)

नील पिअर्ट, रश. गिटारवाल्याला माझा नमस्कार सांगा.

१९८१ चा 'मूव्हिंग पिक्चर्स' अल्बम काढा आणि 'वाय वाय झेड' लावा. टोरोंटोच्या विमानतळाचं सांकेतिक नाव मोर्स कोडमध्ये जसं वाजतं, तसाच त्या गाण्याच्या सुरुवातीचा ठेका आहे. पाचाच्या हिशेबात बसवलाय, आणि ऐकताना हिशेब जाणवत नाही. शिवाय रशची बहुतेक गाणी त्यानंच लिहिली आहेत. ड्रमर आणि गीतकार एकच माणूस, असं किती बँडमध्ये सापडतं?

मला त्याची थोरवी वाटते ती वेगळ्याच गोष्टीत. जगभर नाव झाल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर तो फ्रेडी ग्रुबर नावाच्या गुरूकडे शिकायला गेला. काठी धरायची पद्धत बदलली, बसायची पद्धत बदलली, हात हवेतून कसा फिरतो तेही नव्यानं घोटलं. आपल्याकडे गंडा बांधून शिकणाऱ्याला हे लगेच कळेल. शिखरावर पोचलेल्या माणसानं पुन्हा 'सा' लावायला बसणं सोपं नाही.

सांज_रंकाळा

मी गाते, ड्रम वाजवत नाही. पण ड्रमरच्या पुढं उभं राहून गायचं असतं, तेव्हा कोण चांगला ते पाठीला कळतं. म्हणून माझं मत चार्ली वॉट्सला. रोलिंग स्टोन्समध्ये १९६३ पासून २०२१ मध्ये जाईपर्यंत. जीव जॅझमध्ये अडकलेला, आणि आयुष्यभर रॉक वाजवला.

त्याचे हात बघा एकदा. स्नेअरवर ठोका पडतो त्या क्षणी तो हाय-हॅटवरचा, म्हणजे एकावर एक बसवलेल्या झांजांच्या जोडीवरचा हात उचलून घेतो. बाकीचे ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात, हा स्नेअरला जागा मोकळी करून देतो. त्यामुळे तो ठोका एकटा आणि स्वच्छ ऐकू येतो, आणि गाणाऱ्याला श्वास घ्यायला फट मिळते. गाणं वर आलं पाहिजे, ड्रमर नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सातमात्रा, तुमच्या पिअर्टबद्दल आदर आहेच. पण त्याच्या पुढं उभं राहून गायचं म्हटलं तर मला धडकी भरेल.

जुनीतबकडी

माझ्या कॉलेजच्या काळात अशा तबकड्या कोल्हापुरात सहज मिळायच्या नाहीत, कुणी मुंबईहून आणली तर एकीवर दहाजण तुटून पडायचो. त्यामुळे जे ऐकलं ते झिजवून ऐकलं.

डबलपेडल, तुमच्या बासवाल्याची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. कीथ मून. द हू. ड्रमरनं लय सांभाळायची आणि गिटारनं नाचायचं, ही वाटणीच त्यानं उलटी केली. त्या बँडमध्ये लय बऱ्याचदा पीट टाउनशेंडच्या गिटारवर उभी असते आणि मून गाण्याच्या ओळींमागं टॉम नावाचे ड्रम बडवत धावत असतो. हाय-हॅटला तो फारसा हातच लावत नाही. भरलेली उसाची ट्रॉली उतारावर सुटावी तसं वाटतं, पण उलटत नाही.

आणि ज्यांना वाटतं की मूनला लय नव्हती, त्यांनी 'बाबा ओ'रायली' ऐकावं, १९७१ चं. पाठीमागं आधी मुद्रित केलेला सिंथेसायझर चालू आहे, तो कुणासाठी थांबत नाही. मंचावर अशी गाणी वाजवताना मून कानाला हेडफोन लावून त्या फितीबरोबर वाजवायचा. बेशिस्त माणसाला हे जमेल का? जाता जाता, त्या नावातले बाबा म्हणजे आपल्या नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा. टाउनशेंड त्यांचा भक्त.

मून आणि बॉनम दोघंही बत्तिसाव्या वर्षी गेले. एक १९७८ साली, दुसरा १९८० साली. अजून काय काय ऐकायला मिळालं असतं, याची हळहळ मला आजही वाटते.

मिक्सरवाला (उद्यमनगर)

सगळे हातापायाचं बोलताय, आवाजाचं कुणीच बोलेना.

डबलपेडलनं लिहिलेलं 'लेव्ही' घ्या. ते मोठ्या स्टुडिओत झालेलं नाही. इंग्लंडात हेडली ग्रेंज म्हणून जुनं घर आहे, त्याच्या जिन्याखालच्या दालनात ड्रम मांडले. अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकानं दोन माइक वर जिन्यावरून लोंबते सोडले. बास ड्रमच्या तोंडाशी माइक नाही, स्नेअरला वेगळा नाही. तुम्हाला ऐकू येतंय ते ड्रम अधिक घर. आज एका ड्रमकिटला आम्ही आठ-दहा माइक लावतो, तरी तो आवाज निघत नाही.

पण यातलं अर्धं श्रेय बॉनमचंच. बास ड्रम २६ इंची (इतरांचा साधारण २२ असतो), आत उशी-चादर कोंबलेली नाही, कातडी ताणलेली. आणि किटमधल्या कशावर किती जोर द्यायचा ते तो स्वतःच वाजवताना ठरवायचा. दोन माइकवर मुद्रण केलं की नंतर मिक्सरवर काही सुधारता येत नाही. ज्याच्या हातातच मिक्सर आहे, त्यालाच ते परवडतं. इथं येणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो. क्रॅश झांज कानठळ्या बसेपर्यंत हाणतात आणि स्नेअर वर घ्या म्हणून माझ्या मागं लागतात.

आवाजाचाच विषय निघालाय तर फिल कॉलिन्स. 'इन द एअर टुनाइट' (१९८१) मध्ये बराच वेळ खरे ड्रम नाहीतच, मशीनचा ठेका चालतो. मग खऱ्या ड्रमची ती एक भरणी (ड्रमर तिला 'फिल' म्हणतात) येते. घुमणारा आवाज मध्येच कापून टाकायची ती युक्ती पीटर गॅब्रिएलच्या १९८० च्या अल्बमवर आधी झाली होती, तिथंही ड्रमवर कॉलिन्सच. पुढं सगळं दशक त्या आवाजाच्या मागं लागलं.

नवशिक्या_शाहूपुरी

नमस्कार, मी नुकतंच शिकायला लागलोय. फ्लॅटमध्ये राहतो. खालचे काका दोनदा वर येऊन गेलेत. काय करू?

मिक्सरवाला (उद्यमनगर)

@नवशिक्या, रबरी पॅड घे आणि मेट्रोनोम. जाळीच्या कातडीचा इलेक्ट्रॉनिक किट परवडला तर उत्तम, पण पेडलचा दणका फरशीतून खाली जातोच. खाली जाड रबर आणि त्यावर सतरंजी घाल. आणि काकांना वेळ विचारून घे, निम्मं भांडण तिथंच मिटतं.

हलगीसम्राट (शिवाजी पेठ)

मगाशी गडबडीत होतो, आता नीट लिहितो.

मी हलगी वाजवतो. घरचीच आहे, आज्जापासून. रॉक मला डबलपेडलनंच ऐकवला, खरं बॉनम ऐकल्या ऐकल्या वळखीचा वाटला. का ते सांगतो.

हलगीला दोन काठ्या असत्यात. उजव्या हातात टिपरू, आखूड आणि जाड. डाव्या हातात बारीक लांब काडी, आणि त्याच हातानं हलगीची कड पण धरायची. लोकांना ऐकू येतंय ते टिपऱ्याचं. खरं ठेका जिवंत ठेवतीया ती डावी काडी. ती कडेजवळ बारीक बारीक बोलत असती, दोन मोठ्या ठोक्यांच्या मधल्या जागेत. नवीन पोरगं शिकायला आलं की टिपरू दणादण हाणतंय आणि डावा हात गप. मग ठेका सपाट पडतोय, पाय उचलत न्हाईत.

बॉनमच्या स्नेअरवर तेच आहे मर्दा. मोठा ठोका सगळे ऐकत्यात, खरं त्याच्या मागंपुढं हळू आवाजातले बारके ठोके चालूच असत्यात. डबलपेडल त्याला घोस्ट नोट म्हणतोय. ते काढून टाका, बॉनम संपला.

दुसरं म्हणजे बघून वाजवणं. खासबागेत कुस्ती लागली की हलगीवाला पैलवानांकडं बघून वाजवतोय. खडाखडी चालू असताना लय वेगळी, डाव लागला की वेगळी, चीतपट झाली की अजून वेगळी. कुस्ती काय हलगीच्या लयीवर चालत न्हाई. माझ्या हिशेबानं जो ड्रमर समोरच्याकडं बघून वाजवतोय तो मोठा. सातमात्रा दादा, तुमचा पिअर्ट सगळं आधी ठरवून येतोय असं मला वाटतंय. राग मानू नका.

सातमात्रा (मूळ मंगळवार पेठ, सध्या पुणे)

राग कसला! तुमची पोस्ट धाग्यातली सगळ्यांत चांगली आहे. पण मुद्दा मान्य नाही. पिअर्ट बरंच आधी बसवायचा हे खरं, पण आपल्याकडे पेशकार-कायदा बांधलेलाच असतो, म्हणून तबलजी लहान ठरत नाही. बांधलेलं दर वेळी त्याच ताकदीनं मांडणं हीसुद्धा साधना आहे.

तबल्याचा विषय निघालाच आहे तर टूल बँडचा डॅनी कॅरी. त्यानं आलोक दत्त यांच्याकडे रीतसर तबला शिकलाय. २००१ च्या 'लॅटरालस'मध्ये ९, ८ आणि ७ अशा मात्रांची आवर्तनं एकामागून एक येतात. मोजत बसलात तर गोंधळ, हातावर ताल धरून समेची वाट बघितलीत तर लगेच सापडतं. आपल्या कानाला हे परकं वाटायचं कारणच नाही.

डबलपेडल (राजारामपुरी)

सातमात्रा, मात्रा मोजता येणं आणि झुलवता येणं यात फरक आहे. चार मात्रांच्या साध्या ठेक्यात लोकांना डोलायला लावणं मला साडेसातीच्या गणितापेक्षा अवघड वाटतं. कॅरीला दोन्ही जमतं, म्हणून तो माझ्याही यादीत आहे. त्याच्या नकला करणाऱ्या बँडना नुसतं गणित जमतं.

हलगीसम्राट, डाव्या काडीचं तू मला खोलीवर दाखवलं होतंस, तेव्हापासून मी घोस्ट नोट हलगीच्याच बोलांनी बसवतोय.

जुनीतबकडी

आपल्याकडच्यांचा विषय आहे तर हेही सांगतो. झेपेलिनचेच जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते, आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी झेपेलिनची दोन गाणी मुद्रित केली. त्यातलं एक 'फोर स्टिक्स'. मूळ गाण्यात बॉनम दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवतो, नावही त्यावरूनच पडलं. मुंबईच्या मुद्रणात बॉनम नाही, त्याच्या जागी आपली तालवाद्यं आहेत. ते २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आलं. दोन्ही लागोपाठ ऐका.

आणि त्रिलोक गुर्टू. रॉकचा म्हणता येणार नाही, पण नाव घ्यायलाच हवं. खाली गुडघ्यावर बसून वाजवतो, झांज वाजवता वाजवता पाण्याच्या बादलीत बुडवतो आणि सूर खाली वाकवतो. आई शोभा गुर्टू. आजी मेनकाबाई शिरोडकर या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारातले. म्हणजे ते घराणं आपल्या कोल्हापूरच्या मातीतून गेलेलं आहे.

हलगीसम्राट (शिवाजी पेठ)

काका नाद खुळा! हे ठाऊकच नव्हतं.

सांज_रंकाळा

एक नाव अजून कुणी घेतलं नाही. डेफ लेपर्डचा रिक ॲलन. १९८४ च्या ३१ डिसेंबरला गाडीचा अपघात झाला आणि डावा हात गेला. बँडनं दुसरा ड्रमर शोधला नाही. त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक किट बनवून घेतला, डाव्या हाताचे ठोके डाव्या पायाकडं सोपवले. १९८६ साली तो इंग्लंडातल्या डॉनिंग्टनच्या मैदानावर वाजवायला बसला आणि १९८७ मध्ये 'हिस्टीरिया' हा अल्बम आला. मोठेपणा मोजताना हे कुठल्या खात्यात टाकायचं मला माहीत नाही, पण ते सोडून यादी करणं मला पटत नाही.

आणि बायकांची नावं? व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची मो टकर उभी राहून वाजवायची, बास ड्रम आडवा ठेवून वरून मुसळीनं. झांजांचा वापर फार कमी. कमीत कमी साहित्यात किती वेगळा आवाज काढता येतो, ते तिच्याकडून शिकावं.

जुनीतबकडी

मी एक कसोटी सुचवतो. ज्याच्या जागी दुसरा बसवता येत नाही तो सर्वांत मोठा. मून गेल्यावर द हू चालू राहिले. बॉनम गेल्यावर झेपेलिननं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगून टाकलं की आम्ही थांबतो. या कसोटीवर मूनचा भक्त असूनही मला बॉनमला मत द्यावं लागतं.

सातमात्रा (मूळ मंगळवार पेठ, सध्या पुणे)

काका, २००७ मध्ये लंडनला झेपेलिन पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले तेव्हा बॉनमच्या जागी त्याचा मुलगा जेसनच बसला होता. रशनंही २०२५ मध्ये आनिका निलेस या जर्मन ड्रमर बाईंना घेऊन दौरा जाहीर केला. जागा भरता येते, पण भरणाऱ्याला आधीच्याचं सगळं शिकून यावं लागतं. मला वाटतं कसोटी हीच: पुढच्यांना त्याच्याकडून किती शिकावं लागलं?

डबलपेडल (राजारामपुरी)

ही कसोटी मला एकदम मान्य आहे, आणि तिनंच मी बॉनमची बाजू पुन्हा मांडतो.

बर्नार्ड पर्डी या स्टुडिओ ड्रमरचा एक झुलता ठेका आहे, घोस्ट नोटांनी भरलेला. आज तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. बॉनमनं १९७९ च्या 'फूल इन द रेन'मध्ये तो ठेका आपल्या वजनानं वाजवला. मग टोटोच्या जेफ पोरकारोनं १९८२ च्या 'रोझॅना'मध्ये पर्डी आणि बॉनम दोघांचं घेऊन तिसरं रूप केलं, आणि कुणाकडून काय घेतलं ते स्वतः वाजवून दाखवत सांगितलं. आज कुठल्याही शहरात ड्रम शिकणारा कधी ना कधी 'रोझॅना'पाशी येऊन अडखळतो, आणि मागं मागं जात बॉनमपाशी पोचतो.

माझा क्रम: बॉनम, मग पिअर्ट आणि मून बरोबरीनं, मग वॉट्स. सांजताई, वॉट्सला चौथा ठेवताना हात जड झाला, पण बॉनमच्या खाली ठेवणं भाग होतं.

रविवारी खोलीवर या. प्रत्येकानं एकच गाणं आणायचं, आणि तेही गप्पा न मारता पूर्ण ऐकायचं. हलगीसम्राट, हलगी घेऊन ये, 'फूल इन द रेन' तुझ्याबरोबर वाजवून बघायचंय.

सांज_रंकाळा

येते. वॉट्स पहिलाच राहील.

नवशिक्या_शाहूपुरी

मीही येऊ का? रोझॅना ऐकलं. डावा हात काय करतोय ते अजून कळलेलं नाही.

हलगीसम्राट (शिवाजी पेठ)

ये की. आधी डावी काडी शिकवतो, मग रोझॅना आपोआप समजंल.

पन्हाळ्याचं_धुकं

सगळा धागा वाचला आणि इयान पेसचं नाव कुठंच नाही? डीप पर्पलमध्ये १९६८ पासून आजपर्यंत प्रत्येक संचात असलेला हा एकटा माणूस. गायक बदलले, गिटारवाले बदलले, ड्रमचं स्टूल त्याचंच राहिलं. डावखुरा, त्यामुळे किट उलटा मांडतो. 'फायरबॉल' (१९७१) लावा, मग बोलू. रविवारी माझं गाणं ते.